आपत्काळी घरचा निरोप : हौशी बिनतारी केंद्राचा उपयोग

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर भूकंपाने हादरला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. अशा वेळी परगावच्या आप्तांना एकच चिंता असते : घरची माणसे सुखरूप आहेत ना? वीज गेली की भ्रमणध्वनीचे मनोरेही थोड्याच काळात मुके होऊ शकतात. हौशी बिनतारी केंद्र मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरही चालते.

तथापि, हातात मावणारा छोटा संच सातारा ते सांगली या अंतरास सहसा पुरत नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात व डोंगर त्यांना अडवितात. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीची तार छपराच्या उंचीवर आडवी बांधली, तर लहरी वर जातात आणि आयनांबरावरून परतून डोंगरापलीकडे उतरतात. हे दिवसा अधिक साधते. रात्री बहुधा दूरचीच केंद्रे ऐकू येतात.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९७८ च्या नियमांनी नैसर्गिक आपत्तीत त्रयस्थांचे संदेश पाठविण्यास मुभा दिली, पण ती जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले अधिकारी यांच्या संदेशांपुरती. शेजाऱ्याची खुशाली कळविणे तीत बसत नाही. घरच्यांशी बोलायचे, तर साताऱ्याचा भाऊ व सांगलीची बहीण या दोघांनीही परीक्षा देऊन आपापला परवाना घेतलेला असावा लागतो.