परदेशात जन्मलेल्या भारतीय बालकांचे नागरिकत्व

आई किंवा वडील भारतीय नागरिक असताना भारताबाहेर जन्मलेल्या बालकास वंशाधिकाराने मिळणारे भारतीय नागरिकत्व व ते सिद्ध करणारी जन्मनोंद, पारपत्र इ. कागदपत्रे. भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५ याच्या चौथ्या कलमात या नागरिकत्वाचा आधार आहे. [⟶ नागरिकत्व].

मूळ कलमानुसार २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या बालकाचे नागरिकत्व केवळ पित्यावरून ठरे. भारतीय स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह केला आणि तिचे मूल भारताबाहेर जन्मले, तर आईच्या नागरिकत्वाचा त्यास या कलमाखाली काहीच उपयोग नसे. हा उघड भेदभाव चार दशकांहून अधिक काळ टिकला. १० डिसेंबर १९९२ पासून मातापित्यांपैकी कोणीही एक भारतीय नागरिक असणे पुरेसे ठरले. परंतु ही सुधारणा पूर्वलक्षी नव्हती, त्यामुळे आदल्या दिवशी जन्मलेल्या बालकास तिचा लाभ मिळाला नाही.

याहून दूरगामी बदल २००३ च्या दुरुस्ती अधिनियमाने केला. तो ३ डिसेंबर २००४ रोजी अंमलात आला. तत्पूर्वी भारतात जन्मलेल्या नागरिकाच्या मुलास नागरिकत्व जन्मतःच मिळे आणि दूतावासातील नोंद हा त्याचा पुरावा असे. नोंदणीची सक्ती मुख्यतः दुसऱ्या पिढीला, म्हणजे ज्यांचे जनकच वंशाधिकाराने नागरिक झाले होते अशा मुलांना होती. तीतूनही सरकारी सेवेतील जनकांची अपत्ये वगळलेली होती. नव्या तरतुदीने ही सक्ती सर्वांना लागू केली. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद झाली पाहिजे. मुदत टळल्यास केंद्र शासनाची परवानगी लागते. नोंद झाल्याखेरीज बालक नागरिक ठरत नाही. अशा रीतीने जो कागद हक्काचा पुरावा होता, तोच हक्काची अट बनला. रक्ताच्या नात्यावर उभारलेल्या हक्कास कालमर्यादेचे कुंपण घालणारी ही तरतूद कठोर आहे, असेच म्हणावे लागेल. कारण विलंब पालकांचा आणि परिणाम मात्र बालकाचा.

या कठोरतेची झळ सर्वत्र सारखी नसते. कॅनडात जन्मलेले मूल, परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अपत्यांचा अपवाद सोडता, तेथील नागरिक असते. भारतीय नोंद राहिली तरी त्यास एक देश असतोच. संयुक्त अरब अमीरात, सौदी अरेबिया, कुवेत इ. आखाती देशांत परकीयांच्या मुलांना केवळ तेथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. ग्रेट ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून आई वा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी असल्याशिवाय सामान्यतः जन्मतः नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे दुबईत जन्मलेल्या मराठी दांपत्याच्या बालकाची नोंद राहून गेली, तर ते कोणत्याच राष्ट्राचे नागरिक नाही अशी स्थिती उद्‌भवू शकते. पारपत्राविना त्यास मायदेशी आणणेही अवघड होते.

कॅनडासारख्या देशात जन्मलेल्या बालकाची अडचण वेगळी असते. नोंदणीच्या वेळी त्याजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही, असे मातापित्यांना लेखी घोषित करावे लागते. येथे निषेध परकीय पारपत्राचा आहे, जन्माने आपोआप लाभलेल्या परकीय नागरिकत्वाचा नव्हे, हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही. असे दुहेरी नागरिकत्व असलेल्या मुलाने वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत परकीय नागरिकत्वाचा त्याग न केल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

नोंदणीसाठी स्थानिक जन्मदाखला, मातापित्यांची पारपत्रे व सामान्यतः विवाहाचा दाखला लागतो. अडते ते बहुधा नावांपाशी. विवाहानंतर आईचे नाव बदललेले, पण पारपत्रावर माहेरचेच. वडिलांचे नाव मधे घालण्याची मराठी रीत परदेशी नमुन्यात न बसणारी. अशा विसंगती जन्मदाखल्यातून पारपत्रात उतरतात आणि पुढे शाळेपासून वारसाहक्कापर्यंत त्रास देतात. बारशाआधीच रुग्णालयाने नाव मागितल्यास घाईने लिहिलेले नावही असेच चिकटून राहते. मूळ दाखला दुरुस्त करून मगच दूतावासात जाणे श्रेयस्कर. नोंदीनंतर मुलाचे पारपत्र काढता येते.

भारतात स्थायिक होण्यासाठी परतणाऱ्या कुटुंबास, दूतावासात नोंद झाली नसल्यास, जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम २० नुसार बालक भारतात आल्यापासून ६० दिवसांत जन्माची नोंद करता येते. ती जन्माची नोंद होय; चौथ्या कलमातील दूतावासनोंद नव्हे. आधार क्रमांक हाही नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार अधिनियमातच नमूद आहे. नागरिकाच्या अल्पवयीन अपत्यास पाचव्या कलमान्वये अर्ज करून नागरिकत्व मिळू शकते. मात्र ते नोंदणीच्या दिवसापासून मिळते, जन्मापासून नव्हे.

काही विशेष परिस्थितींचाही अधिनियमाने विचार केला आहे. नोंदणीकृत जहाजावर वा विमानात जन्मलेले मूल, ज्या ठिकाणी त्या जहाजाची वा विमानाची नोंदणी झाली तेथे जन्मले असे मानतात. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत पित्याची मृत्युसमयीची स्थिती विचारात घेतली जाते.

परकीय पारपत्र घेतलेल्या मुलांसाठी भारताचे समुद्रपार नागरिक म्हणून नोंदणी हा पर्याय आहे. नाव नागरिकाचे असले, तरी मतदानाचा हक्क, संविधानात्मक पदे व शेतजमिनीची खरेदी यांपासून तो वंचित असतो. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारून यूरोपात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरी हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. मूल जन्मले त्या दिवशी आईवडील दोघांचेही भारतीय नागरिकत्व संपलेले असल्यास ते मूल वंशाधिकाराने भारतीय ठरत नाही. त्यास समुद्रपार नागरिकत्वाचाच मार्ग उरतो.