उबवणीसाठी कोंबडीच्या अंड्यांची निवड

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु हे २१ दिवस सुरू होण्यापूर्वीच अंड्याच्या आयुष्यात बऱ्याच घडामोडी होऊन गेलेल्या असतात, ह्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरात साठलेल्या अंड्यांपैकी मोठी, गुळगुळीत व देखणी अशी दहा-बारा अंडी काढून ती पाटीत मांडावयाची, ही सामान्य रीत होय. पाटी फसली तर दोष विजेच्या कडकडाटाला, कोणाच्या दृष्टीला किंवा कोंबडीच्या नशिबाला दिला जातो. हे नुकसान लहान नव्हे. कोंबडीचे अंडी घालण्याचे दिवस वाया जातात, बारा अंड्यांचा पैसा बुडतो आणि चार-पाच महिन्यांनी हाती आल्या असत्या त्या तलंगा येत नाहीत. ज्या घरी कोंबड्या हेच काय ते बाईच्या हातचे धन असते, तेथे एक फसलेली पाटी म्हणजे अर्ध्या वर्षाची तूट ठरते. म्हणून निवड कशाची करावयाची, हा प्रश्न मुळापासून तपासणे इष्ट आहे. वरवर पाहता ही निवड अंड्याच्या रूपाची वाटते. वस्तुतः ती त्याच्या पूर्वेतिहासाची असते.

अंडाशयातून सुटलेला बलक अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या मुखात येतो व तेथेच, पहिल्या सुमारे पाव तासात, त्याचे फलन होते. त्यानंतर त्यावर पांढऱ्याचे थर चढू लागतात आणि शुक्रपेशींना वाट उरत नाही. पुढे पडदे व कवच तयार होऊन अंडे बाहेर पडेपर्यंत साधारणतः २४ ते २६ तास जातात. हा सर्व काळ ते सुमारे ४१ अंश सेल्सियस उष्णतेच्या शरीरात असते. त्यामुळे फलित पेशीचे विभाजन चालूच राहते. अंडे घातले जाते त्या वेळी बलकावरील पांढुरक्या ठिपक्यात, म्हणजे गर्भबिंबात, कित्येक हजार पेशी झालेल्या असतात. नुकतेच घातलेले फलित अंडे हे ह्या दृष्टीने बी नव्हे, तर वाढ थांबलेला एक सजीव गर्भ होय. ही वाढ थांबू शकते व पुन्हा सुरू होऊ शकते, ह्या एका गुणावरच उबवणीचा सर्व व्यवहार उभा आहे.

पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून उद्भवली. ही रानकोंबडी एकेक करून साधारणतः पाच-सहा अंडी घालते आणि मगच उबेस बसते. पहिल्या अंड्यातील गर्भ शेवटच्या अंड्यासाठी थांबला नाही तर पिल्ले निरनिराळ्या दिवशी निघतील व आईला त्यांचा सांभाळ करता येणार नाही. गर्भाला थांबता येते ते ह्यासाठीच. आणि ते फार दिवस का थांबता येत नाही, ह्याचाही उलगडा बहुधा ह्यातच आहे. सात दिवसांपर्यंत साठविलेल्या अंड्यांची उबवणक्षमता फारशी घटत नाही. त्यानंतर ती प्रतिदिनी उतरत जाते, आणि जी पिल्ले निघतात त्यांनाही निघण्यास काही तास अधिक लागतात.

गर्भाची वाढ कोणत्या तापमानाखाली थांबते, ह्याचा शोध एडवर्ड्‌स ह्या संशोधकाने १९०२ मध्ये घेतला व ती मर्यादा २० ते २१ अंश सेल्सियस अशी दिली. पुढील अभ्यासांत ही मर्यादा थोडी वरखाली आढळली असली, तरी व्यवहारात तिचा अर्थ बदलत नाही. महाराष्ट्रातील वाचकाने हा आकडा आपल्या घरातील हवेशी ताडून पाहावा. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. घराच्या आतही ते ३० अंशांखाली क्वचितच उतरते. अशा घरातील टोपलीत पडलेले अंडे थांबलेले नसते. ते अपुऱ्या उष्णतेत अडखळत वाढत असते, आणि पाटीत मांडण्यापूर्वीच त्यातील गर्भ दुबळा झालेला किंवा मेलेला असतो. ‘वैशाखातली पाटी फळत नाही’ असा अनुभव कोणी सांगत असेल, तर त्याचे कारण महिन्यात नसून टोपलीत आहे. थंडीच्या दिवसांत सात दिवसांचे अंडे खुशाल चालेल. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपलीकडचे अंडे न घेणेच बरे.

एक आठवडा साठवण करावयाची तर १५ ते १८ अंश तापमान व पुरेशी दमट हवा उत्तम. हे घरी साधणे कठीण आहे. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके, त्यावर ओले फडके व माजघराचा अंधारा कोपरा, ही जुनी युक्ती त्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. परंतु बाष्पीभवनामुळे आतील उष्णता पुष्कळ कमी होते आणि हवा दमट राहते, म्हणून ती अगदीच टाकाऊ समजू नये. घरगुती शीतकपाट मात्र ह्या कामी योग्य नाही. तेथील ४-५ अंशांचा गारठा गर्भास अपायकारक असतो, शिवाय बाहेर काढताच अंड्यावर दव धरते व त्या ओलाव्यातून जंतू कवचाच्या छिद्रांत शिरतात. अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत, आणि प्रत्येकावर घातल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. तारीख लिहिण्याइतका स्वस्त व इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नाही. घरोघरी ताजी अंडी बाजारात जातात व उरलेली जुनी खुडूक कोंबडीखाली जातात. तारीख नसल्यामुळे ही अदलाबदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

अंडे फलित आहे की नाही, हे त्याच्या बाह्य रूपावरून कळत नाही. ताजे अंडे मेणबत्तीपुढे धरूनही कळत नाही. दुकानात मिळणारी अंडी बहुतेक व्यापारी केंद्रांतून येतात. तेथे कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. अशी अंडी कितीही ताजी असली तरी त्यांतून पिल्लू निघणे नाही. घरच्या कळपात आठ ते दहा कोंबड्यांमागे एक सशक्त कोंबडा असावा. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुक्रपेशी साठविणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्यामुळे कोंबडा काढून नेल्यावरही सुमारे आठवडाभर बरीचशी अंडी फलित निघतात व त्यानंतर प्रमाण झपाट्याने घटते. ह्याचाच दुसरा परिणाम असा, की कोंबडा बदलल्यावर दोन-तीन आठवडे मिळणाऱ्या पिल्लांचे पितृत्व निश्चित सांगता येत नाही. निवडीचे प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे. कळपाची फलनक्षमता पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकासाठी फोडलेल्या ताज्या अंड्यांचे बलक न्याहाळणे. फलित बिंब सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे, वर्तुळाकार व कडेस वलय असलेले दिसते. अफलित ठिपका त्याहून लहान, घट्ट पांढरा व वेड्यावाकड्या कडेचा असतो. पाच-सहा अंडी अशी पाहिली तरी अंदाज येतो, आणि त्यासाठी काही वायाही जात नाही.

आकारावरून लिंग ओळखण्याची कल्पना फार जुनी आहे. लांबट, टोकदार अंड्यांतून माद्या निघतात असे ॲरिस्टॉटलने लिहिले. पुढे रोमन कृषिलेखक कॉल्युमेला ह्याने नेमके उलट, म्हणजे अशा अंड्यांतून नर निघतात, असे सांगितले. दोघेही सारखेच चुकले. पक्ष्यांत लिंग ठरते ते बीजांडातील गुणसूत्रावरून, आणि आकार ठरतो तो नंतर, अंडवाहिनीत. तथापि अतिशय लांबट, गोल किंवा कमरेशी आवळलेली अंडी टाळावीत हे खरे. कारण त्यांत गर्भाची मांडणी बिघडून पिल्लाचे डोके वायुकोशाकडे न वळण्याचा संभव असतो.

आकारमानाविषयी मोठ्या अंड्यांचा सोस सोडला पाहिजे. पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, म्हणून फार लहान अंडी नकोत हे ठीक. पण फार मोठे अंडे म्हणजे पुष्कळदा दोन बलकांचे, व त्यातून पिल्लू जवळजवळ कधीच निघत नाही. त्या त्या जातीच्या सरासरीजवळचे अंडे घ्यावे. देशी कोंबडीचे ४० ग्रॅमचे अंडे लहान नव्हे. तेच लेगहॉर्नचे असते तर लहान ठरले असते. उबवणीत अंड्याचे वजन पाणी उडून १२ टक्क्यांच्या आसपास घटावे लागते. कवचाला हजारो छिद्रे असतात. कवच पातळ वा खरबरीत असेल तर पाणी प्रमाणाबाहेर उडते. डोळ्यांना न दिसणारी तड ओळखण्यासाठी दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवावीत. तडकलेल्याचा आवाज बद्द येतो.

मळकी अंडी गार पाण्याने धुण्याची चाल घातक आहे. गारव्याने आतील द्रव आकसतो, आणि बाहेरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. शिवाय कवचावरील नैसर्गिक लेपही जातो. कोरडी माती कोरड्या कापडाने पुसावी, फार माखलेले अंडे खाण्याकडे वळवावे.

आता जे कवचावर मुळीच दिसत नाही त्याविषयी. पुलोरम रोगाचे जंतू वरकरणी निरोगी कोंबडीकडून अंड्यात उतरतात आणि पिल्ले पांढऱ्या हगवणीने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतात. कोंबडीच्या आहारात रिबोफ्लेविन ह्या जीवनसत्त्वाची उणीव असेल तर अंडे देखणे असते, परंतु गर्भ मध्येच मरतो. केवळ ज्वारीच्या दाण्यावर ठेवलेल्या बंदिस्त कोंबड्यांपेक्षा उकिरड्यावर व हिरवळीत चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी कधीकधी अधिक फळतात, ती ह्यामुळे. एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवून त्याच्याच लेकींवर चालविल्यासही उबवणक्षमता घसरते. ह्या सर्व कारणांचा परामर्श लँडॉअर ह्याने आपल्या १९६१ च्या प्रबंधात घेतला आहे. त्याने अभ्यासिलेल्या आखूड पायांच्या ‘क्रीपर’ कोंबड्यांत तर दोन्ही पालक आखूड पायांचे असल्यास चतुर्थांश गर्भ कवचातच मरतात, व त्यांपैकी बहुतेक पहिल्या चार-पाच दिवसांत. अशा वेळी अंडी कितीही पारखून घेतली तरी व्यर्थ.

सातव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे धरून अंडी तपासली म्हणजे निवड कितपत साधली ते कळते. स्वच्छ दिसते ते वांझ. कोळ्याप्रमाणे शिरा पसरलेले ते जिवंत. रक्ताचे नुसते कडे उरलेले ते मेलेले. गडद कवचाच्या अंड्यांत हा भेद दहाव्या दिवसापर्यंत नीट कळत नाही. वांझ व मेलेली अशी दोहोंची वेगळी नोंद ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्यांची कारणे वेगळी. वांझ अंडी अधिक असतील तर कोंबड्याकडे पाहावे. रक्ताची कडी अधिक असतील तर आधी तारखांकडे व मडक्याकडे. शेवटच्या तीन दिवसांत, पूर्ण वाढून कवचात मेलेली पिल्ले आढळली तर दोष बहुधा निवडीचा नसून उबवणीतील उष्णतेचा किंवा दमटपणाचा असतो.