बोरीवरून जाणारी हवाई रेषा

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा हे दोन विमानतळ नकाशावर पट्टीने जोडले, तर रेषा परभणी आणि जिंतूर यांच्या मधून, बोरीच्या पट्ट्यातून जाते. बोरीत नातलगांच्या ओसरीवर बसून, घरातल्या आठवीतल्या मुलांना सोबत घेऊन, आम्ही या रेषेची लांबी वहीवर काढली.

नांदेडचा विमानतळ साधारण 19 अंश 11 मिनिटे अक्षांशावर, चिकलठाणा 19 अंश 52 मिनिटांवर. फरक 41 मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. वैमानिक अंतर याच मैलांत मोजतात. रेखांश 77 अंश 19 मिनिटे आणि 75 अंश 24 मिनिटे. फरक 115 मिनिटांचा. रेखावृत्तं मात्र ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून मराठवाड्याच्या अक्षांशावर या आकड्याला 0.94 ने गुणायचं. आले 108 मैल. 41 आणि 108 या काटकोनाच्या बाजू, विमानाची वाट हा कर्ण. पायथागोरसने उत्तर दिलं: सुमारे 115 मैल, म्हणजे 214 किलोमीटर.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. प्रादेशिक मार्गांवरचं एटीआर-72 ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. नुसता भागाकार केला तर 26 मिनिटे येतात. पण तो वेग विमान उंचीवर गेल्यावरचा. 15,000 फुटांवरून उतरायचं, तर वैमानिकांचा ढोबळ नियम दर हजार फुटांना तीन मैलांचा: 45 मैल उतरण्यातच जातात. चढायलाही जवळपास तेवढेच लागतात. पूर्ण वेगाची, समतल उड्डाणाची वाट उरते जेमतेम 25 मैल. त्यात वाऱ्याचा भाग. दोन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत. पावसाळी वारा पश्चिमेचा असला, की नांदेडहून उडालेलं विमान थेट वाटेला लागतं, पण तोच वारा पुढे समोरून अडवतो. वारा उलटा असेल तर आधी पूर्वेकडे उडून वळसा घ्यायचा. सगळं धरून हवेतला वेळ 35 ते 40 मिनिटे.

या अंतराला पैशाचंही मोल आहे. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानांमध्ये नांदेड-हैदराबाद सेवा होती. ती हवाई वाटही 245 किलोमीटरचीच. योजनेत सुमारे एका तासाच्या, 500 किलोमीटरच्या उड्डाणाला ठरावीक जागांसाठी 2500 रुपयांची मर्यादा होती. छोट्या गावातल्या माणसाला विमान परवडावं, हा तिचा हेतू मला मनापासून पटतो.

पण बोरीच्या प्रवाशाचा वेळ धावपट्टीवर सुरू होत नाही. आधी परभणीची बस, मग नांदेडची रेल्वे, तिथून रिक्षा, उड्डाणाच्या बरंच आधी हजेरी, सुरक्षा तपासणी. चाळीस मिनिटांच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस जमिनीवर जातो. लांबच्या प्रवासात हा वेळ खपून जातो. दोनशे किलोमीटरांत तोच सगळा फायदा खाऊन टाकतो. अशा टप्प्यावर विमानाचा वेग वाढवून दहा मिनिटेही वाचणार नाहीत. परभणीच्या गाड्या आणि नांदेडची उड्डाणं यांच्या वेळा जुळवल्या, विमानतळापर्यंत थेट बस दिली, तर तास वाचतील. प्रादेशिक विमानसेवेचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी पहिला आकडा गावच्या बसथांब्यावरून धरावा.