औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी : शब्द छोटे, जोखीम मोठी

चिंचणी-वाणगाव पट्ट्यात चिकूची वाडी असो की मिरचीचा मळा, फवारणीच्या औषधाची बाटली घरोघरी सापडते. तिच्यावरची इंग्रजी वाचण्याचे काम मात्र शाळेत जाणाऱ्या पोरावर येते. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, त्यामुळे अक्षरे पोरांना लागतात. गाडी अडते ती व्याकरणात. शेतकरी बंधू आणि त्यांची मुले नेहमी विचारतात, अशा काही शंका इथे घेऊ.

‘मे’ म्हणजे परवानगी ना? वर्गात ‘मे आय कम इन’ म्हणतात, तिथे परवानगीच. पण बाटलीवर ‘मे बी फेटल इफ स्वॉलोड’ असते, तिथे ‘मे’ शक्यता दाखवतो. अर्थ असा, की पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो.

‘अनटिल’च्या वाक्यात ‘नाही’ एकदाच का? आपण म्हणतो, ‘फवारा सुकत नाही तोवर शेतात जाऊ नका.’ नकार दोनदा आला. इंग्रजीत ‘डू नॉट’ एकदाच आणि तेही सुरुवातीला. दुसरा नकार ‘अनटिल’च्या पोटातच असतो. मराठीत ‘नका’ शेवटी येते, म्हणून मुले वाक्याच्या शेवटी नकार शोधतात आणि पुढचा ‘नॉट’ निसटतो. मग मनाई केलेली गोष्टच करा, असा अर्थ लागतो.

‘लास्ट’ म्हणजे गेल्या वेळचा की शेवटचा? दोन्ही. ‘लास्ट वीक’ म्हणजे गेला आठवडा. पण ‘वेटिंग पिरियड’च्या रकान्यात ‘लास्ट’ आला की शेवटची फवारणी समजायची. त्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे, ते तिथे लिहिलेले असते. मिरचीचे तोडे एकामागून एक चालतात, तेव्हा हा आकडा पाहूनच फवारणीचा दिवस धरावा.

‘पर’ कशाला लागतो? त्याच्या पुढच्या शब्दाला. ‘पर हेक्टर’ म्हणजे दर हेक्टरी. आपला हिशोब एकराचा, आणि हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी ५०० मिली लिहिले असेल तर एकराला २०० मिली पुरे. हा एक शब्द चुकला तर अडीचपट औषध जाते. पैसाही जातो, पिकालाही बाधते.

‘पॉयझन’, ‘डेंजर’, ‘कॉशन’ एकच का? नाही. लाल आणि पिवळ्या त्रिकोणावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’ असते. सर्वांत जहाल लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे.

कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे औषधासोबतचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतही असावे लागते. दुकानदाराकडून ते हक्काने मागून घ्या, पिशवीबरोबर फेकू नका. ग्रामपंचायतीने असे एखादे पत्रक गावच्या शाळेत द्यावे आणि गुरुजींनी त्यावर एक तास घ्यावा. रिकामी बाटली मात्र वर्गात नेऊ नये. पोराने वाचून दाखवल्यावर बापानेही विचारावे, ‘बाळा, यात ‘नॉट’ कुठे आहे आणि ‘पर’च्या पुढे काय आहे?’ मगच पंपात औषध ओतावे.