ब्लू लॉकची मॅच अडकते तेव्हा दोष फोनचा असतो का?

'ब्लू लॉक'चा दुसरा सीझन ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. एकूण १४ एपिसोड, आणि त्यातला मोठा भाग एकाच मॅचचा: ब्लू लॉकची पोरं विरुद्ध जपानची यू-२० टीम. इकडे इसागी आणि रिन, समोर रिनचाच मोठा भाऊ साए. एवढी महत्त्वाची मॅच, पण खेळाडू धावण्याऐवजी कित्येकदा नुसते सरकताना दिसतात. मीरा रोडहून लोकल पकडून बघत असाल, तर पहिला संशय नेटवर्कवर जाणार. दरवेळी तो बरोबर नसतो.

व्हिडिओत सेकंदाला साधारण २४ फ्रेम असतात, पण ॲनिमेत तेवढी वेगळी चित्रं काढत नाहीत. एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. चित्रं वाचवण्याची ही सवय १९६३ च्या 'ॲस्ट्रो बॉय'च्याही आधीची आहे. दोघं नुसतं बोलत असतील तर ओठ हलवून भागतं. फुटबॉलमध्ये ती सोय नाही. १० सेकंदांचा शॉट, मैदानावर २२ जण, सेकंदाला ८ चित्रं: १० × ८ × २२ म्हणजे १,७६० आकृत्या! एकच चित्र काढून कॅमेरा सरकवला की २२ मध्ये काम झालं. 'एट बिट' स्टुडिओने या सीझनमध्ये हा शॉर्टकट फार वापरला आणि चाहते वैतागले. वैतागणं बरोबरच आहे, पण चित्रकारांना आळशी म्हणण्याआधी हा गुणाकार बघा.

मग ओळखायचं कसं? १० सेकंद मागे जा. पुन्हा त्याच जागी, तस्संच 'अडकलं' आणि आवाज नीट असेल, तर ते बनवलंच तसं आहे. दुसऱ्यांदा वेगळ्या जागी झटके आले, तर फोन तपासा. तो तापला असेल किंवा मागे दहा ॲप चालू असतील.

आणि चित्राचे चौकोनी ठोकळे झाले, तर मात्र नेटवर्कच. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली आणि सिग्नल पडला, की ॲप बंद न पडता कमी डेटाची आवृत्ती लावतं. व्हिडिओ लहान करताना मुख्यतः आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवतात. त्यामुळे स्थिर चित्र कमी डेटातही स्वच्छ दिसतं. पण उडणारं गवत, वेगाच्या रेषा, हलणारी गर्दी यात प्रत्येक फ्रेम नवी असते. गंमत बघा: स्टुडिओने जिथे जीव ओतला, ती किकच तुमच्या स्क्रीनवर फुटते आणि आळसावलेला शॉट काचेसारखा दिसतो.

म्हणून शेवटचे एपिसोड घरच्या वायफायवर डाउनलोड करूनच बघा. शिवाय काही फोन आणि टीव्हीत व्हिडिओ 'स्मूद' करणारं सेटिंग असतं, ते बंद ठेवा. ते दोन चित्रांमधलं तिसरं चित्र अंदाजाने बनवतं, आणि वेगात जाणाऱ्या बॉलचा अंदाज चुकला की बॉलला शेपूट फुटतं.