दोन मिलिमीटरच्या मित्राची ओळख

अंगणातल्या जास्वंदीच्या शेंड्यावर पिठासारखा पांढरा थर दिसला, की घरातल्या बायका लगेच ओळखतात: पिठ्या ढेकूण आला! मूळच्या अमेरिकेतल्या याच किडीची एक जात 2006-07च्या सुमारास गुजरात, पंजाब आणि आपल्या महाराष्ट्रातही कपाशीवर पडली. तिच्या अंगावर मेणाचा थर असतो. त्यामुळे औषध आत नीट पोहोचत नाही. फवारण्या वाढल्या, खर्च वाढला आणि उसनवारी करून पेरणी केलेली कुटुंबे हवालदिल झाली.

अशात 2008मध्ये दिल्लीत संशोधकांना एक गोष्ट आढळली. काही ढेकूण फुगून तपकिरी आणि टणक झाले होते. त्यांना गोल भोक पाडून आतून छोटी काळी माशी बाहेर पडत होती. ही परजीवी गांधीलमाशी. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि साधारण दोन आठवड्यांत नवी माशी तयार होते. माणसाला तिचा काहीच त्रास नाही.

पण ही माशी कोणती? नाव कळल्याशिवाय तिच्याबद्दल आधी कोणी काय लिहिले आहे, हे शोधता येत नाही. एका राज्यात दिसलेली माशी आणि दुसऱ्या राज्यातली माशी एकच की वेगळी, हेही सांगता येत नाही.

हे काम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील प्रा. मोहम्मद हयात यांनी केले. अशा सूक्ष्म गांधीलमाश्या हा त्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचा विषय. या कामात माशीचे पंख, पाय आणि मिशा काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. मिशीचा एकेक भाग मोजायचा, चित्र काढायचे, माहीत असलेल्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायचे. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो पुढच्यांसाठी जपून ठेवायचा. 2009मध्ये हयात सरांनी ही नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. नाव दिले ‘एनासियस बंबावालेई’, दिल्लीच्या कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे काही वर्षांनी अभ्यासकांनी दाखवले, की 1915मध्ये गिरॉ या शास्त्रज्ञाने अमेरिकेतून वर्णन केलेली जात हीच आहे. नियमानुसार आधीचे नाव टिकते, म्हणून आज तिला ‘एनासियस ॲरिझोनेन्सिस’ म्हणतात.

मग हयात सरांची मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. वर्णन काटेकोर होते म्हणूनच ते जुन्या वर्णनाशी ताडता आले. त्यातूनच एक मोठी गोष्ट उमगली: किडीच्या मागोमाग तिचा शत्रूही, कोणी मुद्दाम न आणता, इथवर पोहोचला होता. चूक दुरुस्त होऊ शकते, यातच इल्मची इज्जत आहे.

आता जास्वंदीवर किंवा भेंडीवर पांढरे ढेकूण दिसले, तर औषधाची बाटली उघडण्याआधी मुलांना भिंग द्या. त्यांत तपकिरी, टणक झालेले ढेकूण असतील तर ते चिरडू नका. त्यांच्या आत आपला मित्र वाढत असतो.