कोठीतले ग्रीस आणि गोव्याचा पाऊस

हैदराबादच्या कोठी भागाला हे नाव मिळाले ते ब्रिटिश रेसिडेंटच्या भव्य वाड्यामुळे. जेम्स कर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास बांधायला घेतलेल्या त्या कोठीत पुढे महिला महाविद्यालय आले आणि भोवती बाजार वाढत गेला. याच परिसरात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, विवेकवर्धिनीही जवळच, त्यामुळे इथल्या गर्दीत मराठी कानावर पडणे नवलाचे नाही. पुस्तकांच्या आणि विजेच्या सामानाच्या दुकानांबरोबर इथे सायकलींची व त्यांच्या सुट्या भागांची दुकानेही आहेत. तेथे बेअरिंगसाठी ग्रीस मागितले, तर बहुधा मोटारींसाठीच्या ‘एपी-३’ या बहुउपयोगी ग्रीसचा डबा पुढे येतो. हैदराबादपुरता हा सल्ला योग्यच आहे. मात्र तोच डबा म्हापशात किंवा मडगावात घेताना थोडा विचार करावा लागतो.

ग्रीस म्हणजे घट्ट केलेले तेल. त्यात मोठा भाग तेलाचाच असतो, आणि स्पंजात पाणी राहावे तसे ते तेल साबणाच्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात धरलेले असते. हा साबण सोडिअमचा, कॅल्शिअमचा की लिथिअमचा, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. सोडिअमचा साबण पाण्यात विरघळतो, म्हणून सायकलीसाठी तो बाद. कॅल्शिअमचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, परंतु शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. १९४० च्या दशकात आलेले लिथिअमचे ग्रीस उष्णता सोसते, सतत घुसळले गेले तरी पातळ होत नाही आणि पाण्यातही बऱ्यापैकी टिकते. त्याने बाजार व्यापला तो या गुणांमुळे. ‘एपी-३’ हे याच कुळातले.

डब्यावरचा आकडा घट्टपणा सांगतो, दर्जा नव्हे. क्रमांक २ चे ग्रीस लोण्यासारखे, ३ चे त्याहून घट्ट, १ चे मऊ. सायकलीला २ उत्तम आणि ३ चालते. रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. लाल, निळा, हिरवा हे बहुधा नुसते रंगद्रव्य असते.

आता सायकलीच्या बेअरिंगवर ताण कसला येतो ते पाहू. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना ते चाक मिनिटाला जेमतेम ११० फेरे घेते. एवढ्याने हब तापत नाही. म्हणून ‘अति उष्णतेसाठी’ असे लिहिलेल्या महागड्या ग्रीसचा सायकलीला काडीचा उपयोग नाही. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी कॅल्शिअमच्या ग्रीसलाही त्याची झळ लागत नाही. सायकलीचे खरे शत्रू दोनच, धूळ आणि पाणी. हैदराबादला वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि वर समुद्राची खारी हवा. तेथे धुळीची चिंता, इथे पाण्याची.

गोव्यात हा प्रश्न हौशी सायकलस्वारांपेक्षा पोदेराचा अधिक आहे. पहाटे आणि संध्याकाळी, भर पावसात, पावाने भरलेली टोपली मागे बांधून तो वाडे फिरतो. सगळा भार मागच्या हबवर. कोन आणि कप यांच्यामध्ये पाणी शिरले की आधी ग्रीस पांढुरके, ताकासारखे होते. मग बॉलवर गंज चढतो. त्या गंजाचे कण पॉलिशपेपरसारखे पोलाद खरवडू लागतात आणि कोनावर बारीक खळगे पडतात. एकदा खळगे पडले की कोणतेही ग्रीस ते भरून काढत नाही, कोन बदलावाच लागतो. दुर्लक्ष झाले तर कपही जातो आणि पुढे पूर्ण हब. दोन फेऱ्यांवर घर चालवणाऱ्याला मधल्या वाटेत चाक अडकणे परवडणारे नाही.

अशा सायकलीसाठी माझी पसंती कॅल्शिअम सल्फोनेट प्रकारच्या ग्रीसला. ते पाण्याने सहजी धुपत नाही आणि गंजही रोखते. बोटींसाठीच्या ‘मरीन’ ग्रीसमध्ये हा प्रकार आढळतो. मालिम, कुटबणसारख्या मासेमारी जेटींच्या आसपास चौकशी करायला हरकत नाही. घेताना उत्पादनाच्या माहितीपत्रकात ‘वॉटर वॉशआऊट’ हा आकडा पाहावा. फिरत्या बेअरिंगवर तासभर पाण्याची धार सोडल्यावर किती टक्के ग्रीस वाहून गेले, ते त्यातून कळते. आकडा जितका लहान तितके बरे. हे मिळाले नाही तर लिथिअमचे क्रमांक २ वापरावे, फक्त ते अधिक वेळा बदलावे. साधे चेसिस ग्रीसही पाण्यात बरे टिकते. स्वस्त म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. ग्रॅफाइटच्या काळ्या ग्रीसची मात्र या कामी गरज नाही.

नवे ग्रीस जुन्यावर थापू नये. निरनिराळ्या साबणांची ग्रीसे एकत्र आली तर कधी मिश्रण पातळ होऊन गळून जाते. पॉलियुरिया आणि लिथिअम यांचे तर सहसा जमतच नाही. रॉकेल किंवा डिझेलने कप, कोन, बॉल धुऊन पूर्ण कोरडे करावेत. एक बॉल खराब दिसला तरी त्या बाजूचे सगळे बदलावेत, कारण जुन्या-नव्यांच्या मापात केसभर फरक असला तरी भार मोजक्याच बॉलवर येतो. कपात ग्रीस सढळ हाताने भरावे. वेगवान विद्युत मोटारीत जादा ग्रीस घुसळून तापते, सायकलीत तशी भीती नाही. उलट बाहेर डोकावणारी ग्रीसची कड पाण्याला अडवते.

गॅरेजमधले जळके इंजिन तेल हबमध्ये सोडण्याची सवय मात्र सोडावी. त्यात आम्लही असते आणि धातूचे कणही. गंज सुटा करणारे फवारेही हबवर मारू नयेत, ते आतले ग्रीस धुऊन काढतात. काही जुन्या धाटणीच्या हबवर तेल घालण्याचे छिद्र आणि त्यावर पत्र्याची चकती असते. हब ग्रीसने भरला असेल तर त्यातून वारंवार तेल सोडू नये. तेल ग्रीसला पातळ करून बाहेर लोटते. चकती जागेवर आहे ना, एवढे पावसाआधी पाहावे. फ्रीव्हीलचे गणित वेगळे. त्यात घट्ट ग्रीस गेले तर आतले खटके चिकटतात आणि पॅडल रिकामे फिरते, तेथे पातळ तेलाचे थेंबच हवेत.

पोदेराच्या सायकलीचे हब वर्षातून दोनदा उघडावेत, एकदा मेअखेरीस आणि पुन्हा चतुर्थीनंतर पाऊस ओसरू लागला की. एरव्ही चाक उचलून अ‍ॅक्सल दोन बोटांनी हळूच फिरवून पाहावा. खरखर लागली तर पुढच्या फेरीची वाट पाहू नये.